छावणी वसली, नदीचे काय?

लढाई थांबली, माणसांना निवारा मिळाला, की शांतता आली असे आपण धरून चालतो. मला हे पटत नाही. जिथे माणसे वसवली तिथले पाणी आणि जमीन सावरल्याशिवाय पुनर्वसन पुरे होत नाही. आणि अपुऱ्या पुनर्वसनाची किंमत बाईच मोजते.

यासाठी लांब जायला नको. मी विठ्ठलवाडीत काम करते. शेजारचे उल्हासनगर ही मुळात दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना तिथल्या बराकींत ठेवले. १९४९ मध्ये छावणीचे उल्हासनगर झाले. आजही पत्त्यात कॅम्प नंबर लागतो. सर्वस्व गमावून आलेल्या बायकांनी पापड लाटून, शिवणकाम करून संसार उभे केले. पण सरकारच्या हिशेबात बराक होती, रेशन होते; वालधुनी नदी नव्हती.

अंबरनाथच्या शिवमंदिराजवळून येणाऱ्या या नदीत कारखान्यांची रसायने, जीन्स धुलाईचा रंग, शहरांचे सांडपाणी मिसळत गेले. २००५ च्या २६ जुलैला ती घराघरांत शिरली. नोव्हेंबर २०१४ मध्ये तिच्यात सोडलेल्या रसायनाच्या वाफांनी शेकडो रहिवासी आजारी पडले. आता हवामान बदलते आहे, थोड्या वेळात धो धो पाऊस कोसळतो, आणि तो वाहून नेणारे पात्र भरावाने आखडले आहे. चिखल कोण उपसते? आजाऱ्याच्या उशाशी कोण बसते?

याहून मोठी हानी वेगळीच आहे. वस्तीत बैठक घेतली की ऐकू येते, घाण ‘त्यांनी’ केली. ‘ते’ म्हणजे कधी सिंधी, कधी मराठी, कधी उत्तरेकडून आलेला कामगार. नदी नासली की शेजारही नासतो. जुन्या जखमेवर नवे भांडण उगवते.

‘आधी पोट, मग पर्यावरण’ असे आपल्यातल्याही काहीजणी म्हणतात. जीन्सचे धागे कापून घर चालवणाऱ्या बाईची रोजी बुडवून नदी स्वच्छ करा, असे मी म्हणणार नाही. सांडपाणी शुद्ध करण्याचा खर्च कारखानदाराने उचलावा, तिच्या मजुरीतून नव्हे. कोलंबियात २०१६ मध्ये सरकार आणि बंडखोरांचा शांतता करार झाला. त्याच वर्षी तिथल्या घटना न्यायालयाने खाणींनी नासवलेल्या अत्रातो नदीला हक्क दिले. तिच्या राखणदारांत काठच्या बायकाही आहेत.

मैत्रिणींनो, संयुक्त राष्ट्रांच्या २००० सालच्या १३२५ व्या ठरावाने शांततेच्या वाटाघाटीत स्त्रियांची जागा मान्य केली. ती जागा आपण नदीकाठीही मागू या. कॅम्पातल्या, चाळीतल्या, झोपडपट्टीतल्या बायकांची एकच नदी समिती हवी. नाल्यात काय सोडले जाते याची नोंद तिने ठेवावी आणि पालिकेने तिला उत्तर द्यावे. एकाच पाण्यासाठी एकत्र बसलेल्या बायकांना एकमेकींविरुद्ध उठवणे सोपे नसते.