सवलत गरज पाहून द्या, टक्के पाहून नव्हे

घंटा वाजताच कान घट्ट झाकून घेणारे किंवा गणवेशाची कॉलर टोचते म्हणून तासभर चुळबुळणारे मूल शाळेत सहज ‘हट्टी’ ठरते. आवाज, प्रकाश, स्पर्श, वास यांचा असह्य त्रास होणे हा लाडावल्याचा परिणाम नव्हे. स्वमग्नतेच्या निदानात 2013 पासून या संवेदनांच्या तीव्रतेचा स्वतंत्र निकष आहे, आणि स्वमग्न नसलेल्या काही मुलांनाही हा त्रास असतो. अशा मुलाला दाराजवळची किंवा पंख्यापासून दूरची जागा, कानावर आवाज रोखणारे हेडफोन, अधूनमधून पाच मिनिटे शांत कोपऱ्यात बसण्याची मुभा एवढेच लागते. पालकांनी ते मागितले की शाळा आधी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि त्यावरचे टक्के विचारते. खरी अडवणूक इथेच होते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 नुसार वाजवी सोय नाकारणे हाही भेदभावच आहे. सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळांमध्ये प्रत्येक विद्यार्थ्याच्या गरजेनुसार अशी सोय मिळावी, असे त्याचे सोळावे कलम सांगते. 40 टक्के दिव्यांगत्वाची अट आरक्षणासारख्या ठरावीक लाभांसाठी आहे. वाजवी सोयीचा हक्क त्या अटीत कोंडता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2021 मध्ये विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात स्पष्ट केले. लिहिताना हात आखडणाऱ्या उमेदवाराला लेखनिक मिळावा की नाही, असा तो वाद होता. जे परीक्षेला लागू, ते रोजच्या वर्गाला का नसावे? दहावीच्या परीक्षेत वाढीव वेळ मिळतो, पण तिथवर पोहोचण्याआधीच मूल शाळेला विटले तर त्या वेळेचा उपयोग काय?

एकाला सूट दिली की इतरांवर अन्याय होतो, असा आक्षेप घेतला जातो. पण चष्मा लावणाऱ्या मुलाला कोणी जादा गुण देत नाही, त्याला फक्त फळा दिसू लागतो. बाहेरचे जग कोणासाठी थांबत नाही, तेव्हा मुलाला सवय व्हायला हवी, असेही म्हटले जाते. सवय हळूहळू आणि सुरक्षित वाटत असताना लागते. रोजच्या भीतीने मूल शाळा टाळायलाच शिकते. शिक्षकांवरच्या भाराचा आक्षेप मात्र खरा आहे. भरगच्च वर्ग आणि शाळाबाह्य कामे सांभाळणाऱ्या शिक्षकाला विशेष शिक्षकाची साथ हवीच, आणि ती देणे सरकारचे काम आहे. तरीही बसायची जागा बदलायला किंवा हेडफोन लावू द्यायला अनुदानाची वाट पाहावी लागत नाही.

म्हणून पालकांनी जूनमध्येच लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. मुख्याध्यापकांनी ठरलेल्या सोयी कागदावर उतरवून प्रत्येक विषयशिक्षकापर्यंत पोहोचवाव्यात आणि दर सत्राला त्यांचा आढावा घ्यावा. कायदा शाळांकडे मेहेरबानी मागत नाही, कर्तव्य सांगतो. ते प्रमाणपत्राच्या प्रतीक्षेत अडवून ठेवू नका.