बायोडाट्यातला एक रकाना



तुळशीचं लग्न लागलं की पूर्णेत स्थळं पाहायला सुरुवात होते. जंक्शनचं गाव, त्यामुळं नांदेड, परभणी, हिंगोली, अकोला अशा सगळ्या बाजूंनी पाहुणे येतात. त्यांच्याआधी मोबाइलवर बायोडाटा पोचतो. नाव, जन्मवेळ, उंची, शिक्षण आणि मग वर्ण: गोरा, निमगोरा, गव्हाळ. ‘सावळा’ लिहायला कुणाचा हात धजत नाही. शिकलेली, नोकरी करणारी मुलगी त्या एका शब्दापाशी अडते आणि घरात बोलणं निघतं, ‘रंगानं जरा कमी आहे, देण्याघेण्याचं बघावं लागेल.’

या एका शब्दापायी मुली काय काय सोसतात, ते अकोल्यात दिसलं. २०२३ मध्ये तिथली एक तरुणी, तिची आई आणि बहीण अशा तिघींना मूत्रपिंडाचा विकार झाल्याची बातमी आली. तिघी रंग उजळण्याचं एकच क्रीम लावत होत्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध लागला, क्रीममध्ये पारा होता. पारा त्वचेत मेलॅनिन तयार होऊ देत नाही, त्यामुळं चेहरा खरोखर उजळतो आणि बाईचा विश्वास बसतो. मात्र तोच पारा कातडीतून रक्तात उतरतो. मूत्रपिंडाची गाळणी बिघडते, लघवीतून प्रथिनं जातात, अंगावर सूज चढते. केरळात कोट्टक्कलच्या डॉक्टरांनीही असे रुग्ण नोंदवले आहेत. एखादीच्या हौसेची ही किंमत म्हणून मला हे सोडून देता येत नाही. ही हौस तिच्यावर आपण लादली आहे.

‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आली १९७५ साली. २०२० मध्ये तिच्या नावातला ‘फेअर’ गेला. गोऱ्या रंगाची ओढ त्या ट्यूबच्या आधीची, जातीच्या आणि साहेबाच्या मोठेपणाला चिकटलेली. तरी आपल्या गोदाकाठाला हीच एक आवड होती असं नाही. सातवाहन राजा हालाच्या नावावर असलेल्या ‘गाथासप्तशती’त सावळी नायिका भेटते. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात पद्मपाणीशेजारी काळीसावळी राजकन्या रंगवली आहे. महाभारतात जिच्या रूपाची एवढी वाखाणणी, ती द्रौपदी ‘कृष्णा’. आणि गंगाखेडच्या जनाबाईनं ज्याला जीव लावला, त्याचा रंग सांगायला नको.

पण जुनं ते सोनं म्हणायला मी तयार नाही. वसमतच्या पुढं औंढ्याला नागनाथाच्या भिंतींवरच्या भरदार अंगाच्या स्त्रिया कितीही देखण्या असल्या, तरी तेही पुरुषानंच ठरवलेलं माप. चीनमध्ये मुलींची पावलं बांधून लहान ठेवत. १९१२ साली त्यावर बंदी आली. मॉरिटानियात लग्नाआधी मुलींना बळजबरीनं खाऊ घालून जाड करत आले. एकीकडं जाड, एकीकडं बारीक. मोजली जाते मुलगीच.

स्मिता पाटील आमच्या पिढीनं पडद्यावर पाहिली. ‘भूमिका’ आणि ‘चक्र’साठी तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. तिचा सावळा चेहरा पाहून पुष्कळ मुलींनी पहिल्यांदा आरशात धीटपणे पाहिलं असेल, असं मला मनापासून वाटतं.

या अंकापासून आमच्या वधू-वर सूचनांमधून वर्णाचा रकाना काढला आहे. ‘गोरी हवी’ ही अटही छापणार नाही. ज्यांना हे मान्य झालं नाही, त्यांना जाहिरातीचे पैसे परत दिले आहेत.

— संपादक