परक्याच्या ओंजळीने किती दिवस?

आमच्या निरगुडसरकडे ओझर म्हटले की विघ्नहराचे ओझर. नाशिकजवळचे दुसरे ओझर विमानांचे. तेथे १९६४ साली मिग विमानांसाठी कारखाना निघाला, पुढे सुखोई बांधली गेली आणि १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तेथे बांधलेल्या ‘तेजस मार्क-१ ए’ने जाहीर भरारी घेतली. पुढच्याच महिन्यात दुबईच्या प्रदर्शनात एक तेजस कोसळले. विंग कमांडर नमांश स्याल यांचे प्राण गेले. साहजिकच गावात प्रश्न निघाला : बिबट्याच्या भीतीत रात्री पिकाला पाणी द्यावे लागते, दिवसा वीज द्यायला पैसा नाही, मग विमानांवर हजारो कोटी कशाला?

प्रश्न रास्त आहे. तेजसची योजना १९८३ची. पहिले उड्डाण २००१ साली झाले, पहिली तुकडी २०१६ साली उभी राहिली. एवढ्या काळात घरातले मूल कर्ते होते. २०२१ साली ८३ विमानांचा सुमारे ४८ हजार कोटींचा करार झाला. पहिले विमान मार्च २०२४ पर्यंत मिळायचे होते, ती तारीखही हुकली.

तरीही हा खर्च करावा, असे माझे मत आहे. १९६१ साली आपले ‘मारुत’ उडाले होते. त्याला साजेसे इंजिन मिळाले नाही, विमान मागे पडले आणि त्यासोबत कमावलेली विद्याही विखुरली. ओझरच्या मिगांनी आपल्याला बांधणी शिकवली. आराखडा परक्यांचाच होता. म्हणून तेजसच्या वेळी पुन्हा मुळाक्षरांपासून सुरुवात करावी लागली. काम अर्ध्यावर सोडण्याची किंमत ती हीच.

आजही दुखणे इंजिनाचेच आहे. १९८९ साली हाती घेतलेले ‘कावेरी’ तेजसला पुरे पडले नाही. अमेरिकन इंजिनांचा करार २०२१ साली झाला, पण पहिले इंजिन आले मार्च २०२५ मध्ये. परक्याच्या ओंजळीने पाणी पिणाऱ्याची तहान त्याच्या सवडीनेच भागणार!

जवळच्या खोडदला डॉ. गोविंद स्वरूप यांनी ४५ मीटर व्यासाच्या तीस रेडिओ दुर्बिणी तारांच्या हलक्या जाळीतून स्वस्तात उभ्या केल्या. स्वतः आराखडा करणाऱ्यालाच अशी काटकसर सुचते.

मात्र पैसा देताना हिशेबही मागितला पाहिजे. इंजिनासाठी अखंड तरतूद हवी, हुकलेल्या तारखांचा जाब संसदेत विचारला जावा आणि अपघातांची कारणे शक्य तितकी लोकांसमोर यावीत. दिवसाच्या विजेची मागणीही सोडू नये. ती सरकारचे वेगळे देणे आहे. विमान थांबवून ते फिटणार नाही.