हात हवेत, तर माणूसही स्वीकारा

जर्मनीला कामाची माणसे हवी आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये चान्सलर ओलाफ शोल्त्स दिल्लीत आले, तेव्हा भारतातील कुशल कामगारांसाठीचे व्हिसा वर्षाला २० हजारांवरून ९० हजारांपर्यंत नेण्याचे जाहीर झाले. त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारने जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला. नर्स, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, ड्रायव्हर असे १० हजार तरुण पाठवण्याची ही योजना आहे. आपल्या मुलामुलींनी ही संधी जरूर घ्यावी. पण आकड्यांवर खूश होण्याआधी एक प्रश्न विचारावा: तिथे गेलेल्या माणसाला हक्क कोणते मिळणार?

हा प्रश्न रत्नागिरी-रायगडच्या मुसलमानांनी विचारायचा नाही, तर कोणी? आखाताच्या कमाईवर आपली घरे उभी राहिली, बहिणींची लग्ने झाली, गावात शाळा निघाल्या. पण कफाला पद्धतीत कामगाराचे राहणे, नोकरी बदलणे, कित्येकदा घरी परतणेसुद्धा मालकाच्या मर्जीवर होते. पासपोर्ट मालकाच्या कपाटात असायचा. नोकरी बदलायला मालकाची ना-हरकत हवी, ही अट कतारने काढली ती २०२० मध्ये. घाम वाळण्याआधी मजुरी द्यावी ही पैगंबरांची शिकवण ठाऊक असलेल्या देशांत हे चालले. कफील दीनी भाऊ आहे म्हणून कोणाचा थकलेला पगार मिळाला नाही. तीस-तीस वर्षे राबलेला माणूस साठीला परका म्हणूनच परतला.

जर्मनीही काही पहिल्यापासून उदार नव्हती. १९६१ मध्ये तुर्कस्तानशी करार केला तेव्हा कामगारांनी दोन वर्षांत परत जावे अशी अट होती. शिकवून तयार केलेला माणूस घालवणे कारखानदारांना परवडेना, म्हणून १९६४ मध्ये ती अट गेली. १९७३ मध्ये भरती थांबली, पण माणसे राहिली, त्यांची मुले तिथेच जन्मली. त्या मुलांसारख्यांना जन्माने नागरिकत्व देणारा कायदा यायला २००० साल उजाडले. आज तिथे बायको-मुलांना नेता येते आणि २०२४ च्या सुधारणेनंतर पाच वर्षांच्या वास्तव्यावर नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. फरक धर्माने पडला नाही, कायद्याने पडला.

म्हणून आपल्या सरकारने माणसे मोजून पाठवण्यावर थांबू नये. नर्सच्या पदवीला तिथे मान्यता मिळेपर्यंत तिला मदतनीस म्हणून कमी पगारावर राबावे लागते. ही मुदत किती, हे आधी लेखी ठरावे. नोकरीचा करार मराठीत हातात मिळावा. एजंटाला पैसे देण्यासाठी कोणाला जमीन विकावी लागू नये. आणि तरुणांनी व्हिसाच्या आधी भाषा शिकावी. आपला करार ज्याला वाचता येतो, त्याला फसवणे सोपे नसते.

ज्या देशाला आपले हात लागतात, त्याने त्या हातांमागचा माणूस आणि त्याचे कुटुंबही स्वीकारले पाहिजे. ही खैरात नव्हे, सौद्याची किंमत आहे. ती सौदा करतानाच मागायची असते.