भिंतीला कायद्याची ढाल, माणसाला दाराची वाट!

शहरांतील शहाण्या लोकांनीं हल्लीं एक नवा देव बसविला आहे. त्याचें नांव ‘वारसा’. या देवाचें एक नामांकित देऊळ गोव्यांत पणजीस आहे. आल्तिनोच्या टेकडीच्या पायथ्याशीं, उरेम खाडीच्या कांठीं, मळा आणि फोंतेन्यास या नांवांची जुनी वस्ती आहे. तेंच तें देऊळ. पिवळ्या, निळ्या, तांबड्या भिंती, वर कौलें, पुढें लोखंडी कठड्यांचे सज्जे. देशोदेशींचे यात्रेकरू येतात, परक्याच्या दारापुढें उभे राहून स्वतःचीच छबी काढून घेतात आणि चालते होतात. शेवटीं घरांतल्या माणसांनीं कंटाळून ‘येथें फोटो काढूं नका’ अशा पाट्या दारांवर लावल्या. देव पुजणारांशीं आमचें भांडण नाहीं. आमचा सवाल इतकाच कीं, या देवळांत नांदणाऱ्या माणसाची वाट काय?

आधीं ही वस्ती उठविली कोणी तें पाहूं. अठराव्या शतकाच्या अखेरीस येथें नारळाची बाग होती. मोझांबिकहून पैसा मिळवून परतलेल्या एका श्रीमंतानें ती लावली असें सांगतात. पुढें १८४३ सालीं पोर्तुगीज सरकारनें पणजीस राजधानीचा मान दिला आणि कचेऱ्यांमागून घरें वाढत गेलीं. बाग श्रीमंताची, हें खरें. पण माड लावायला खड्डे खणले कोणाच्या हातांनीं? जांभ्याचा चिरा खाणींतून काढला कोणीं? शिंपले भाजून चुना केला कोणीं? शिंपल्याच्या पातळ चकत्या तासून खिडकीच्या चौकटींत बसविल्या कोणीं? इतिहासाच्या पुस्तकांत गव्हर्नरांचीं नांवें सांपडतात. गवंड्याचें, सुताराचें नांव शोधून सांपडत नाहीं. पाथरवटानें मूर्ति घडवावी आणि प्राणप्रतिष्ठा होतांच त्यालाच गाभाऱ्यांत मज्जाव व्हावा, ही रीत आम्हांला नवी नाहीं. देव तेवढा नवा!

आतां कायद्याची मौज पाहा. ही वस्ती नगररचनेंत जतनाची म्हणून राखली आहे. मालकाला परवानगीवांचून दर्शनी भिंत पाडतां येत नाहीं कीं मजला चढवितां येत नाहीं. चांगलें आहे. पण त्या भिंतीआड वर्षानुवर्षें चूल पेटविणारें भाडेकरू कुटुंब उठून गेलें, तर जतन करणाराच्या वहींत त्याची नोंद कोठें होते? खिडकी मोडली तर वारसा बुडाला. माणूस गेला तर जागा मोकळी झाली!

गोव्यांत गरिबाच्या घराविषयीं कायदाच नाहीं, असें आम्ही म्हणत नाहीं. १९६१ सालीं पोर्तुगीज गेले. १९६४ सालीं कूळकायदा झाला. १९६८ सालीं भाड्याच्या घरांचा कायदा झाला. सबळ कारणावांचून भाडेकरूला हुसकून लावूं नये, असा त्याचा रोख. १९७५ सालीं मुंडकार कायदा झाला आणि भाटकाराच्या जमिनींत घर करून राहणाराला त्या घराचें संरक्षण मिळालें. परंतु जो घराचें भाडें भरतो त्याला मुंडकार म्हणत नाहींत. त्यानें भाड्याच्या कायद्याचीच कांस धरली पाहिजे. आणि ती सुटावी म्हणून मालकाच्या वकिलानें तोड काढली आहे: ‘अकरा महिन्यांचा करार’. अकराच कां? तर वर्षाहून अधिक मुदतीचें भाडेपत्र नोंदवावें लागतें म्हणून. त्यांत ‘भाडेकरू’ हा शब्दच नसतो. ‘परवानगीनें राहणारा’ असतो. शब्द बदलला कीं हक्क गेला! अडाणी माणसाकडून कोऱ्या कागदावर अंगठा घेणारा सावकार आमच्या आजोबांनीं पाहिला. हा त्याचाच नातू, फक्त टंकलिखित.

हा खटाटोप कशासाठीं, हें शेतकऱ्याला सांगायला नको. बांधावर उभा राहून जो पिकाचा अंदाज करतो त्याला हा हिशेब कळतो. कुटुंब महिन्याला जें भाडें देतें, तें पाहुणा थोड्या रात्रींत देतो. मग खोलीची खाट झाली, ओसरीचा उपहारगृह झाला. शेजार गेला कीं शिंपी जातो, किराणेवाला जातो, आणि पहाटे पाव घेऊन येणाऱ्या पोदेराला हांक मारणारें कोणी उरत नाहीं.

याचा शेवट कसा होतो, तें इटलींतील व्हेनिस शहरानें दाखविलें आहे. तेथल्या जुन्या भागांत १९५१ सालीं सुमारें पावणेदोन लाख माणसें राहत; २०२२ सालीं तीं पन्नास हजारांच्याही खालीं आलीं. वाडे सगळे शाबूत आहेत; दिवा लावणारे गेले. स्पेनमधील बार्सिलोनानें यापासून धडा घेतला. पाहुण्यांना घरें भाड्यानें देण्याचे १०,१०१ परवाने २०२८ च्या अखेरीपर्यंत संपवूं, असें तेथील नगरपित्यांनीं २०२४ सालीं जाहीर केलें. समुद्रकांठच्या मोठ्या शहराला जें सुचतें, तें पणजीला कां सुचूं नये?

मालकाची बाजू आम्ही ऐकलीच नाहीं, असें कोणी म्हणूं नये. खाऱ्या वाऱ्यानें लोखंड खातें, पावसानें वासे कुजतात, आणि जुनें भाडें इतकें तुटपुंजें कीं त्यांत कौलेंही परततां येत नाहींत. असा लहान मालक आमचाच भाऊ आहे. त्याला दुरुस्तीला पैसा द्या. जर घर साऱ्या जगाचा वारसा आहे, तर चुन्याचा खर्च एकट्या म्हातारीनें कां सोसावा? मात्र सरकारी पैसा घेणाराला एक अट घाला: दुरुस्तीपूर्वीं राहणारा भाडेकरू दुरुस्तीनंतरही तेथेंच राहील. एका आळींत पाहुण्यांच्या खोल्या किती, याला मर्यादा घाला. आणि चुन्याचें काम जाणणारा गवंडी जतनाच्या कामावर रोज येतो, तर त्याच्या बिऱ्हाडालाही तेथें परवडेल अशी जागा ठेवा.

कोणी म्हणेल, पणजीच्या आळीचें आम्हां शेतकऱ्यांना काय? बाबांनो, वेंगुर्ल्याचा, सावंतवाडीचा पोरगा पोटासाठीं पणजीसच जातो आणि तेथें खोली शोधतो. शिवाय आज जें फोंतेन्यासला, तें उद्यां मालवणाला. १९४९ च्या कायद्यानें कोंकणांतला खोत गेला; आतां तो कराराचा कागद घेऊन बंदरावर उतरत आहे. म्हणून सांगतों: भाडें द्याल तर पावती घ्या. करार वाचून घेतल्याशिवाय सही करूं नका. वाचतां येत नसेल तर शाळेंत जाणाऱ्या आपल्या मुलीकडून वाचून घ्या. आळींतले भाडेकरू, लहान मालक आणि कारागीर एका ओट्यावर बसा.

रंग दर पावसाळ्यानंतर नवा देतां येतो. उठून गेलेली आळी पुन्हा वसवायचा चुना अजून कोणत्याही भट्टींत निघालेला नाहीं.