पेटी एकाची, माश्या पंचक्रोशीच्या

मधमाशीपालन हा एकट्याने करण्याजोगा उद्योग आहे, असा समज नव्या मधपाळांमध्ये सर्रास आढळतो आणि वरवर पाहता तो चुकीचाही वाटत नाही. कारण परसात एक मधपेटी ठेवायला ना फारशी जागा लागते, ना रोजची वैरण. तथापि पेटी खासगी मालकीची असली, तरी तिच्यातील वसाहत, म्हणजे एक राणी माशी, हजारो कामकरी माश्या आणि हंगामापुरते वावरणारे नर यांचे कुटुंब, कुंपणापलीकडच्या परिसरावर जगत असते. स्थानिक मधपाळ संघाच्या फायद्यांची चर्चा बहुधा सवलतीच्या पेट्या आणि मधाची विक्री यांपाशीच थांबते. वस्तुतः संघाची खरी गरज माशीच्या जीवशास्त्रातूनच निर्माण होते.

या गरजेमागचा सर्वांत कमी बोलला जाणारा मुद्दा राणीच्या मीलनाचा आहे. नवी राणी पेटीत मीलन करीत नाही. जन्मानंतर काही दिवसांनी ती बाहेर झेपावते आणि उडत असतानाच परिसरातील निरनिराळ्या वसाहतींच्या अनेक नरांशी तिचा संयोग होतो. मधमाश्यांमध्ये अफलित अंड्यातून नर आणि फलित अंड्यातून मादी जन्मते; परंतु लिंग ठरविणाऱ्या जनुकाचे एकच रूप आई आणि बाप या दोघांकडूनही आले, तर फलित अंड्यातूनही नर-अळी निपजते आणि कामकरी माश्या ती कोवळी असतानाच खाऊन टाकतात. ज्या भागात मोजक्याच पेट्या आहेत, त्याही एकाच मूळ वसाहतीच्या विभाजनातून आलेल्या आहेत आणि आसपास रानटी वसाहतीही विरळ आहेत, तेथे असे वारंवार घडून पिल्लांच्या पोळ्यात जागोजागी रिकामी घरे दिसू लागतात आणि वसाहत रोडावत जाते. एकटा मधपाळ अशा वेळी रोगाचा संशय घेऊन औषध शोधत बसतो, उपाय मात्र शेजारच्या मधपाळाच्या वेगळ्या कुळीच्या पेट्यांमध्ये असतो.

खुद्द रोगाचाही विचार याच दिशेने जातो. १९९१-९२ च्या सुमारास थाई सॅकब्रूड या विषाणुजन्य रोगाने, ज्यात अळी कोषात जाण्यापूर्वीच मरून पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी होते, दक्षिण भारतातील सातेरी माश्यांच्या वसाहती मोठ्या प्रमाणावर उद्ध्वस्त केल्या. सातेरी ही पेटीत पाळता येणारी देशी माशी असल्याने हा फटका थेट पाळणाऱ्यांना बसला. असा संसर्ग वाट चुकून दुसऱ्या पेटीत शिरणाऱ्या माश्यांमार्फत, दुबळ्या वसाहतीतील मध लुटणाऱ्या माश्यांमार्फत आणि, हे मधपाळांना ऐकायला आवडत नाही, माणसांनी हौसेने एकमेकांना दिलेल्या पोळ्यांमार्फत पसरतो. म्हणून आजारी वसाहतीची बातमी लपविणे हा केवळ वैयक्तिक संकोचाचा प्रश्न राहत नाही, आणि ती निःसंकोच सांगता येईल अशी जागा निर्माण करणे हे संघाचे पहिले काम ठरते.

ज्ञानाच्या बाबतीतही स्थानिकतेला पर्याय नाही. पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेसारख्या ठिकाणी मूलभूत शिक्षण मिळते. परंतु कोणत्या गावात जांभूळ कधी फुलते, हिरडा, गेळा आणि पिसा यांचा बहर केव्हा ओसरतो, काही वर्षांच्या अंतराने एकदम फुलणारी कारवी कोणत्या डोंगरावर या वर्षी येणार, ही माहिती गावकऱ्यांच्याच आठवणीत असते आणि संघाच्या वहीत उतरली तरच टिकते. सह्याद्रीतील पावसाळा हा उपासमारीचा काळ असल्याने त्या दिवसांत साखरेचा पाक द्यावा लागतो. तो उघड्यावर किंवा भर दिवसा दिला, तर परिसरातील वसाहतींमध्ये लुटालूट माजते, म्हणजे येथेही एकाचा निष्काळजीपणा दुसऱ्याच्या पेटीला भोवतो.

महाबळेश्वर परिसरात या गोष्टींना संस्थात्मक रूप मिळालेले दिसते. तेथे राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय आहे, मध उत्पादकांची सहकारी सोसायटी ‘मधुसागर’ या नावाने मध विकते, आणि जवळचे मांघर हे गाव २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून घोषित झाले. वर्षातून मोजकेच दिवस लागणारे मधयंत्र, म्हणजे पोळे न मोडता ते गरगर फिरवून मध बाहेर काढणारे पिंप, प्रत्येकाने विकत घेण्यात अर्थ नसतोच; ते संघाने सर्वांसाठी ठेवणेच परवडते. पण संघात त्याहून उपयुक्त सोय मधातील पाण्याचे प्रमाण तपासण्याची आहे, कारण ते २० टक्क्यांच्या वर गेले तर मध प्रमाणित दर्जात बसत नाही आणि आंबण्याचा धोकाही वाढतो.

अर्थात प्रत्येक संघ संघासारखा वागतोच असे नाही. काही ठिकाणी प्रशिक्षण, प्रमाणपत्र आणि छायाचित्र एवढ्यावरच उत्साह संपतो. संघाची कसोटी अप्रिय निर्णयांत लागते. फवारणी संध्याकाळी, माश्या पेटीत परतल्यावर करावी, असे शेतकऱ्यांना पटविणे त्यांतल्या त्यात सोपे आहे. फुलोरा मर्यादित असताना एका शिवारात किती पेट्या ठेवायच्या, आणि बाहेरून शेकडो मेलिफेरा पेट्या, म्हणजे मूळच्या युरोपीय माश्यांच्या पेट्या, घेऊन येणाऱ्याला नकार कोणी द्यायचा, हे ठरविणे अधिक अवघड असते, आणि तो नकार एकट्या मधपाळाच्या तोंडून आला तर तो मत्सर समजला जातो.