मेंदूतील सफाई कामगार

मेंदूची आकृती काढताना तुम्ही फक्त चेतापेशी दाखवता. १९१९ साली स्पॅनिश शास्त्रज्ञ रिओ-होर्तेगा यांनी वेगळ्या ओळखलेल्या मायक्रोग्लिया पेशींना तिथे जागाच नसते! या पेशी मेंदूतील कचरा खातात, जंतूंशी लढतात. पण त्यांचे काम बिघडले, की दाह होऊन चेतापेशींनाच इजा पोहोचते. या पेशींत काम करणाऱ्या ट्रेम-२ जनुकातील एका बदलामुळे अल्झायमर या विस्मृतीच्या रोगाचा धोका सुमारे तिप्पट होतो, असे २०१२ साली दोन संशोधक गटांना आढळले. मात्र धोका वाढला म्हणजे रोग होणारच, असे नव्हे. म्हणून शिक्षकांना माझे सांगणे, की आकृतीत या पेशी काढाच. शिवाय जनुक म्हणजे ललाटलेख नव्हे, हेही शिकवा.